पाव्हण्याचा डावा हात

मामा, काल तुमचं तेरावं झालं. आज सकाळच्या एसटीनं आमची लेक पमी सोलापूरला गेली, मंडपवाला कापड सोडून घेऊन गेला, शेजारची पातेली मी पोचवून आले. दुपारपासून घरात मी आणि हे, तुमचा म्हादू, दोघंच. पंधरा दिवस मी कुणाला ना कुणाला चहा करून देतेय. पोटऱ्या अशा भरून आल्यात की बसलं तर उठवत नाही आणि उठलं तर बसवत नाही. खरं तर पडायला हवं. पण दिवसभरात काय झालं ते दिवेलागणीला तुमच्या बाजेजवळ बसून सांगायची मला सवय. आज दुपारी जे झालं ते सांगितल्याबिगर डोळा लागणार नाही. म्हणून अंगणवाडीची जुनी वही काढली. मागची पानं कोरी आहेत.

भेटायला आलेली माणसं तुमच्याबद्दल चांगलंच बोलली. किती पोरांच्या हातात ब्रश दिला, किती भिंती रंगवल्या. मी मान हलवत होते. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण त्यात तुम्ही कुठं नव्हता.

सासऱ्याला मामा, सासूला आत्याबाई म्हणायची आपल्याकडची रीतच. मी तामलवाडीहून लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाई जाऊन चार वर्षं झाली होती. घरात तीन पुरुष: तुम्ही, हे आणि अरुणभावजी. बाईमाणूस म्हणून मी एकटी. उंबरा ओलांडून समोरच्या खोलीत आले आणि बघते तर भिंतीवर चौथा! हिरव्या मखमलीचा कोट, पांढरी कॉलर, मानेपर्यंत केस, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. मांडीवर फुगीर पोटाचं वाद्य, डावा हात त्याच्या मानेवर, उजव्या हाताची बोटं तारांवर टेकलेली. मागं नुसता अंधार. मी घाईनं पदर डोक्यावर ओढला. तुम्ही दारात उभे होता.

"त्याच्यासमोर पदर घ्यायची गरज न्हाय बाई," तुम्ही म्हणाला. "त्यो तुझ्याकडं बघत न्हाय. दोनशे वर्षं झाली, त्यो तिकडंच बघायलाय."

तुम्ही त्याला पाव्हणा म्हणायचा. तुमचे वडील नळदुर्गला निजामाच्या एका अंमलदाराच्या बंगल्यावर माळी होते. निजामाचं राज्य गेलं, साहेब बायकापोरं घेऊन हैदराबादला निघाला आणि जाताना नोकरांना म्हणाला, ज्याला जे पाहिजे ते न्या. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी गालिचा, कुणी तांब्याचा बंब. तुमच्या वडिलांनी हे चित्र कडब्यात गुंडाळून बैलगाडीतनं आपल्या गावी, सास्तूरला आणलं. झाडांना पाणी घालताना रोज खिडकीतनं दिसायचा म्हणे, ओळख झाली होती. तुमची आई जन्मभर म्हणत राहिली, "लोकांनी बसायला खुर्च्या आणल्या, ह्यांनी बसलेला माणूस आणला." ही गोष्ट तुम्ही मला किती वेळा सांगितली असेल! आणि दर वेळी आईच्या वाक्याला तुम्हीच आधी हसायचा.

पाव्हण्याच्या पाठीमागच्या लाकडावर एक कागद चिकटवलेला होता. त्यावरची अक्षरं इटलीची आहेत आणि चित्र दोनशे वर्षांचं असावं, हे तुम्हाला सोलापूरच्या कुणा प्रोफेसरांनी वाचून सांगितलं. बाकी काही कळलं नाही. कुणी काढलं, कुणाचा पोरगा, काही नाही. तुम्हाला त्याची फिकीर नव्हती. त्या चित्राखाली झोपून तुम्ही मोठे झालात, त्या कोटाच्या चुण्या कोळशानं भिंतीवर काढत चित्रकला शिकलात आणि त्याच जोरावर शाळेत चित्रकलेचे मास्तर झालात. चित्राला कुणी हात लावलेला तुम्हाला चालायचा नाही. धूळसुद्धा तुम्हीच झटकायचा, मऊ धोतराच्या तुकड्यानं, वर्षातनं दोनदा.

अरुणभावजींना मात्र त्याचा काही धाक नव्हता. त्यांनी बुलबुलतरंग आणलं होतं, ते मांडीवर घेऊन पाव्हण्याच्या खाली अगदी त्याच्यासारखेच बसायचे. डावा हात पट्ट्यांवर, उजवा तारांवर, मान तिरकी.

"वहिनी, खरं सांगा, कोण चांगला दिसायलाय?"

"त्यो," मी म्हणायची. "त्याचे कपडे धुतलेले हायेत."

मग तुम्ही आतनं ओरडायचा, "अरे, त्यो वाजवायलाय कुठं? नुसता बसलाय. तूबी तसंच नुसतं बस की जरा!" आणि आम्ही सगळे हसायचो. हे सुद्धा हसायचे. ह्यांचं ते हसणं मला आठवतंय म्हणून सांगते, कारण नंतर तसं ऐकलं नाही.

भूकंपाचं मी लिहिणार नाही. त्या पहाटे आपण तिघं अंगणात होतो आणि भावजी आत होते, एवढंच. एकोणीस वर्षांचे होते.

तिसऱ्या दिवसाचं मात्र लिहिते, कारण पुढचं सगळं तिथनं सुरू झालं. जवान ढिगारे उपसत होते. तुम्ही आपल्या पडलेल्या घराच्या दगडांवर उभे राहून त्यांना हातानं दाखवत होता, इथं समोरची खोली होती, ह्या भिंतीला एक मोठं चित्र होतं, जरा जपून. हे तुमच्या मागंच उभे होते. सगळ्यांच्या देखत ओरडले, "अरुणला अग्नी देऊन आलो आपण, अन तुम्ही फोटो हुडकायलाव?"

तुम्ही दगडाकडं बघत राहिलात. जवानांनी चित्र काढलं. चौकट मोडली होती, वरच्या कोपऱ्यात वीतभर फाटलं होतं, बाकीचं धुळीनं झाकलं होतं. तुम्ही ते धोतरात गुंडाळलं आणि पत्र्याच्या शेडात नेऊन उभं केलं. त्या दिवसापासनं बापलेकांत कामापुरतंच बोलणं राहिलं.

त्या शेडातल्या दिवसांबद्दल लोकांनी तुमच्या तेराव्याला बोलायला हवं होतं. गावातल्या किती घरांत मेलेल्या माणसांचा एक फोटो उरला नव्हता. पहिल्यांदा कोंडाबाई आली. म्हणाली, "मास्तर, आमच्या मालकाचं तोंड काढून द्या. म्या सांगते तसं काढा." तुम्ही वही आणि पेन्सिल घेतली. ती सांगत होती, नाक बसकं, कान मोठे, मिशी एका अंगानं पांढरी. तुम्ही काढत होता, खोडत होता. तास-दीड तासानं तिनं कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "व्हय, हेच. पर एवढे शांत न्हवते." तुम्ही कागद परत घेतला आणि कपाळावर दोन आठ्या काढल्या. तेव्हा ती रडली.

मग रोजच कुणी ना कुणी यायला लागलं. आई, बाप, सून, लेकरं. मी बाजूला बसून त्यांना पाणी द्यायची आणि ऐकायची. माणसं आपल्या माणसाचं तोंड सांगताना किती चुकतात आणि तुम्ही त्या चुकीतनं कसं बरोबर शोधून काढता, ते बघायची. एका दुपारी हे शेडाच्या दारात येऊन उभे राहिले. एवढ्या दिवसांत आपणहून पहिल्यांदा बोलले, "बाबा, अरुणचं काढा की."

तुम्ही पेन्सिल खाली ठेवली. "काढीन," म्हणाला.

काढलं नाहीत. महिना गेला, दोन महिने गेले. ह्यांनी पुन्हा विचारलं नाही.

उन्हाळा लागला होता. टँकरवरनं दोन घागरी घेऊन मी भर दुपारी शेडात आले. पत्रा असा तापला होता की आत पाऊल टाकवत नव्हतं. तुम्ही घामानं निथळत पाव्हण्यासमोर बसला होता आणि तुमच्या हातात ब्रश होता. मला धसका बसला. चित्राला कुणाला शिवू न देणारे तुम्ही! मी जवळ आले. पाव्हण्याचा डावा हात बदलला होता. गोरा, निमुळता हात जाऊन तिथं सावळा, रुंद, बोटांच्या पेरांना गाठी असलेला हात आला होता. करंगळी दुसऱ्या पेरापासनं बाहेर वळलेली.

ती करंगळी मी रोज ताटात वाढताना बघितली होती. माझ्या हातातली घागर तशीच राहिली.

"मामा," मी म्हणाले, "ह्यो तर भावजींचा हात."

तुम्ही मागं बघितलं नाहीत. "तोंड येत न्हाय, शोभा," तुम्ही म्हणाला. "गावाची तोंडं काढली. त्याचं काढाय बसलो की दुसऱ्याच कुणाचं तरी येतंय. कवा माझंच येतंय. हात मातर येतो. डोळे झाकले तरी येतो."

मी घागर खाली ठेवली आणि तुमच्या मागं बसले. मग तुम्ही मला शपथ घातली. तुळजापूरच्या आईची. म्हादूला सांगायचं नाही.

"कशाला लपवायचं?" मी विचारलं. "तेच तर मागायले होते."

"ती करंगळी म्हादूच्या हातनं मोडली. लहानपणी गाडीचं जू टाकलं त्यानं, खाली ह्याचं बोट सापडलं. दोघांनी मला येऊन सांगितलं, झाडावरनं पडला. बापाला कळत न्हाय व्हय? पर म्या कळू दिलं न्हाय. आता ह्यो अरुणचाच हात म्हणून कळलं तर त्याला वाटंल, अरुण गेला तरी म्या त्याच्याकडंच बोट दाखवायलोय. आदीच लई झालंय त्याला."

बाहेर सांगायला तुम्ही एक गोष्ट तयार केली: भूकंपात हात फाटला होता, तो जोडला. सगळ्यांनी मान्य केली. नवीन गाव वसलं, आपल्याला घर मिळालं, पाव्हणा पुन्हा समोरच्या भिंतीवर गेला. आणि तुमचा म्हादू त्या भिंतीकडं पाठ करून जेवायला बसू लागला. मी ताट उजेडाकडं ठेवलं तरी तो उचलून फिरवून घ्यायचा. मला वाटायचं, ढिगाऱ्यावरचा राग आहे. बापानं माणसाआधी चित्र शोधलं, तो राग.

तीस वर्षं, मामा! एवढं मोठं गुपित पोटात घेऊन एका घरात दोघांना वाढायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कधी कळलं का? दर दिवाळीला मी तुम्हाला म्हणायची, आता तरी सांगा. तुम्ही म्हणायचा, बघू. पमी झाली तेव्हा म्हणाले, तिच्या लग्नात म्हणाले, तुम्हाला पहिला झटका आला तेव्हा दवाखान्यात तर हात जोडले. "बघू की, शोभा." त्या 'बघू'चा मला वीट आला होता. पण शपथ आईची होती, आणि खरं सांगायचं तर शपथेपेक्षाही तुमची होती.

गेल्या वर्षी तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पाव्हण्याचा फोटो काढून नेला आणि पुण्याहून ती मुक्ता आली. जुनी चित्रं दुरुस्त करणारी, बारीक चणीची, आपल्या पमीच्या वयाची. तिनं काय काय सांगितलं. चित्र खरंच इटलीचं, खरंच दोनशे वर्षांच्या आसपासचं. फार नाव असलेल्या माणसाचं नसेल, पण चांगल्या हाताचं. तुमचा चेहरा असा फुलला होता, जसं काही कुणी तुमच्या वडिलांचंच कौतुक केलंय. मग तिनं खिडक्यांना घोंगड्या लावायला सांगितल्या, दार लोटलं आणि एक जांभळ्या उजेडाचा दिवा लावला. त्या उजेडात सगळं चित्र हिरवट चमकायला लागलं, फक्त डावा हात काळा ठिक्कर. काळा मोजा घातल्यासारखा.

"हा हात नंतर कुणीतरी रंगवलाय," ती म्हणाली.

"मीच," तुम्ही म्हणाला. "भूकंपात फाटला होता."

तिनं काडीला कापूस गुंडाळला, बाटलीत बुडवला आणि अंगठ्याच्या टोकाला हळूच फिरवला. खालनं गुलाबी नख दिसलं. "काका, खाली फाटलेलं नाही. खालचा हात शाबूत आहे."

हे उठले आणि बैलांना पाणी पाजायचं म्हणून बाहेर गेले.

मलाही ते ठाऊक नव्हतं, मामा. मला वाटत होतं, हात थोडा तरी गेला असेल आणि तुम्ही त्या जागी आपला बसवला. ती गेल्यावर मी तुम्हाला चुलीपाशी गाठलं.

"खाली हात शाबूत होता?"

"होता."

"मग?"

"त्यो हात त्याच्या आईबापाचा. मला आपला पायजे होता."

पुढं पाव्हण्याला पुण्याच्या संग्रहालयात ठेवायचं ठरलं. तुम्हीच ठरवलंत. पाव्हणा किती दिवस घरात ठेवायचा, त्याला चार माणसांत जाऊ दे, म्हणाला. तिथवर माझी हरकत नव्हती. पण मुक्ता म्हणाली, वरचा हात काढावा लागेल, आणि तुम्ही लगेच म्हणाला, "काढा. पर इथंच काढा, माझ्यासमोर."

त्या रात्रीपासून आपलं भांडण लागलं. ते अजून संपलेलं नाही. मी म्हणाले, मी काढू देणार नाही. भावजींची ह्या घरात राहिलेली ती एकच वस्तू आहे. तुम्ही म्हणाला, "म्हादू तीस वर्षं त्या भिंतीकडं पाठ करून जेवायलाय. मी गेल्यावर तरी त्यानं तोंड फिरवून जेवावं."

"मग खरं सांगा त्यांना. आपोआप तोंड फिरवतील."

"तुला कळत न्हाय, शोभा."

तीस वर्षं सांभाळलं ते मी, आणि मला कळत नाही! मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. ताट ठेवायची, गोळ्या ठेवायची, निघून जायची. ऐंशीच्या घरातल्या माणसाशी अबोला धरला. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा राग खरा होता.

हात काढायला दोन दिवस लागले. तुम्ही खुर्ची टाकून समोर बसलात. मी वाटी धरली होती, हे दिवा धरून उभे होते. मुक्ता एकेक बोट पुसत होती. कापूस आधी तपकिरी, मग गेरूसारखा, वाटी भरत गेली. मधेच ती म्हणाली, "ज्यांनी रंगवलं त्यांनी फार जपून रंगवलंय हं. खालचं एवढंसंसुद्धा खरवडलेलं नाही. जुन्या वार्निशवरच रंग दिलाय, म्हणून तर असा सहज निघतोय." तेव्हा मी तुमच्याकडं बघितलं. म्हणजे त्या दुपारी, त्या उकाड्यात, लेकाचा हात काढतानासुद्धा तुम्ही पाव्हण्याचा हात सांभाळला होता. कधीतरी परत द्यायचा म्हणून.

करंगळी शेवटी गेली. खालची सरळ होती, लांब, टोकाला उजेडाचा एक ठिपका. खोटं कशाला बोलू, तो हात फार देखणा होता. तुम्ही बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बेस." उठलात आणि बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपलात.

त्यानंतर तुम्ही तीन आठवडे होतात. मी बोलायला लागले होते, पण वरवरचं. जेवलाव का, पाय चेपू का. चुकले असं म्हणायचं राहून गेलं. आणि तुम्ही चुकलाव असं म्हणायचंही राहून गेलं, कारण मला अजून ते वाटतं. एका दुपारी ताक घेऊन आले तर तुम्ही गेला होतात. तोंडावर माशी बसली होती, तुम्ही हाकलली नाही, त्यावरनं कळलं.

आता आजचं.

जेवणं झाल्यावर ह्यांना मुक्ताचा फोन आला. पुण्याला नेलेल्या चित्राशेजारी लावायला चार ओळी हव्यात म्हणाली, चित्र घरात कसं आलं, काय झालं. हे म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं हाय, तूच लिही." मी लिहायला बसले. नळदुर्ग, बंगला, कडबा, बैलगाडी, सगळं लिहिलं. भूकंप लिहिला. मग 'डावा हात' असं लिहिलं आणि पेन थांबलं. तुम्ही सांगितलेली गोष्ट लिहायची तर संग्रहालयाच्या भिंतीवर खोटं लागणार. खरं लिहायचं तर शपथ मोडणार. मी इतकी दमले होते, मामा, की दोन्हीपैकी काहीच उचलवेना.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"त्यो हात फाटला म्हणून रंगवला न्हवता," मी म्हणाले. "मामांनी वर भावजींचा हात काढला होता. मला शपथ घातली होती आईची. आज मोडली."

हे तुमच्या रिकाम्या बाजेवर बसले होते. सुंभाची एक सुटलेली गाठ आवळत होते. ती आवळून झाली तेव्हा म्हणाले, "म्हायती हाय मला."

"कवापासनं?"

"शेडातच बघितलं. रंग वला होता अजून. करंगळी बघितली की कळलं."

तीस वर्षं! "मग बोलला का न्हाईत?"

"काय बोलू? ती करंगळी म्या मोडली. जू माझ्या हातनं सुटलं. आठ वर्षांचा होता त्यो. रडला न्हाय. मलाच म्हणला, दादा, झाडावरनं पडलो म्हणून सांगू. शेवटपर्यंत सांगितलं न्हाय त्यानं बाबांना. बाबांनी बिचाऱ्यांनी पोराचा हात म्हणून काढला, अन मला त्यात दर येळी जूच दिसायचं. बघवत न्हवतं. अन काढून टाका असं म्हणवतबी न्हवतं. म्हणून पाठ करून बसायचो."

मुक्ता हात पुसत होती तेव्हा दिवा ह्यांनीच धरला होता.

"मामांना म्हायती होतं," मी म्हणाले.

"काय?"

"जूचं. झाडाची गोष्ट त्यांना तवाच कळली होती. म्हणून तर मला शपथ घातली. म्हादूला वाटंल म्या त्याच्याकडं बोट दाखवायलोय, म्हणाले. आदीच लई झालंय त्याला, म्हणाले."

"म्हायती होतं?"

"व्हय."

"बाबांना?"

"व्हय म्हणते की."

ते उठले आणि मोरीत जाऊन तोंड धुऊ लागले. बराच वेळ तांब्यावर तांब्या ओतत होते. मी आत गेले नाही. साठी जवळ आलेल्या माणसाला बापाची माफी अशी मिळावी, बाप गेल्यावर चौदाव्या दिवशी, बायकोच्या तोंडून. ती त्याला तुमच्या तोंडून मिळायला हवी होती, मामा. एका वाक्याचं काम होतं. 'तुला कळत न्हाय' म्हणालात ते आता थोडं कळतंय. हे चित्रावर रुसलेत असं मीच धरून चालले होते. तुम्हाला मात्र ठाऊक होतं की त्यांनी हात ओळखलाय आणि म्हणूनच ते पाठ करून बसतात. तुम्ही पुसून माफी दिली. पण पुसलेली माफी माणसाला दिसते का? मला तुमचा राग येतोय. आणि त्या रागाच्या खाली, मला तीस वर्षं तुम्ही आपल्या बरोबरीची मानलीत, लेकाला सांगितलं नाहीत ते सुनेला सांगितलंत, हेही आहे. ते कुठं ठेवावं मला कळत नाही.

तोंड पुसत बाहेर आले तेव्हा ह्यांचे डोळे लाल होते. वही माझ्या हातातनं घेतली, वाचली आणि म्हणाले, "लिही. डावा हात तीस वर्षं आमच्या अरुणचा होता. आमच्या वडिलांनी काढला होता."

मी लिहिलं. 'बुलबुलतरंग वाजवायचा' असंही घातलं.

"वाजवायचा कसला?" हे म्हणाले. "एकच गाणं यायचं त्याला. तेबी अर्धं."

"दोन यायची," मी म्हणाले.

"एकच. लग्नातलं. सारखं तेच."

"आवं, दोन. दुसरं ते संथ होतं, तुम्ही रानात असताना वाजवायचे. मी भाकरी थापत ऐकलंय की!"

"तू नवी होतीस, तुला तेच हळू वाजवलं की दुसरं वाटायचं."

चहा उतू गेला तरी आम्ही भांडत होतो. मी गुणगुणून दाखवलं, ते म्हणाले, हे तर तेच. त्यांनी बाजेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला, मी म्हणाले, हा त्याचा नव्हे. भावजींचं नाव ह्या घरात असं मोकळं, दहा-दहा वेळा, कधी निघालं होतं मला आठवत नाही. ह्यांना मधेच हसू फुटलं. मग पुन्हा म्हणाले, "एकच."

भांडण मिटलं नाही, मामा. हे म्हणतात एक, मी म्हणते दोन. तिसरं ऐकणारं माणूस घरात तुम्हीच होता.